वस्तीच्या गाडीतली कादंबरी

दापोलीहून मुंबईला जाणाऱ्या रातराणीत जी. ए. कुलकर्णी चालत नाहीत. हा नियम कुठल्या परिपत्रकात सापडणार नाही. दापोली तालुक्यातल्या एका एसटी कंडक्टरने तो स्वतःपुरता केलेला आहे. रातराणी चहाला थांबते तेव्हा वीसेक मिनिटं हाताशी येतात. तेवढ्यात जी.एं.ची कथा अर्ध्यावर आणून, पुस्तक मिटून, ‘चला, बसून घ्या’ म्हणत गाडीत चढायचं म्हणजे कथेचे हाल आणि प्रवाशांचेही, कारण पुढचा तासभर कंडक्टरचं लक्ष सुट्ट्या पैशांत नसतं. म्हणून रातराणीला सुहास शिरवळकर, नारायण धारप. दिवसाच्या खेड-चिपळूण फेऱ्यांना काहीच नाही, फार तर पेपर. आणि वस्तीच्या गाडीला जाडजूड कादंबरी: पेंडसे, नेमाडे, भैरप्पा.

हा माणूस पन्नाशीच्या अलीकडचा. शिक्षण बारावीपर्यंत, गावात थोडी भातशेती, दारात आंब्याची मोजकी कलमं. कथा-कादंबरीपलीकडे तो फारसं काही वाचत नाही. चरित्रं, प्रेरणादायी पुस्तकं, यशाची सूत्रं त्याला लोक भेट देतात आणि तो ती मान देऊन शेजारच्या पोरांना देऊन टाकतो. ‘कंडक्टर असूनही केवढं वाचता!’ असं कौतुक त्याला अधूनमधून ऐकावं लागतं. त्यातल्या ‘असूनही’मागचा समज मुळातच चुकीचा आहे. दिवसभर शेकडो अनोळखी माणसांची तोंडं पाहायची, त्यांची भांडणं, लग्नाची बोलणी, दवाखान्याच्या फायली, शेजाऱ्यांची उणीदुणी ऐकायची, आणि प्रत्येकाची गोष्ट त्याच्या थांब्यावर अर्धी सोडून द्यायची. अशा नोकरीतल्या माणसाला गोष्टी पुऱ्या करून पाहाव्याशा वाटल्या तर त्यात नवल कसलं?

गाडी चालू असताना पुस्तक उघडायचं नाही, हे त्याने पहिल्यापासून पाळलंय. तपासणी पथक कुठल्या वळणावर हात करेल ते सांगता येत नाही, आणि एखाद्याचं तिकीट राहिलं तर ‘प्रकरण रंगात आलं होतं’ हा खुलासा चालत नाही. वाचन होतं ते गाडी उभी असताना. फेरी संपल्यावर परतीच्या वेळेपर्यंत, विश्रांती कक्षात, आणि सगळ्यांत जास्त रात्रीच्या वस्तीला.

वाचायला वेळ वाढला तो तिकिटाच्या यंत्रामुळे, असं तो सांगतो. पूर्वी रंगीत तिकिटांचे गठ्ठे ट्रेमध्ये लावलेले असत. पंच मारून तिकीट फाडायचं आणि टप्पा आला की प्रत्येक दराच्या तिकिटाचा चालू नंबर वेबिलात भरायचा. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. म्हणजे घाटात गाडी हेलकावे खातेय, खांद्याला चामडी पिशवी, आणि गुडघ्यावर वेबिल ठेवून आकडेमोड चाललीय. शेवटच्या थांब्यावर हिशोब जुळवण्यातच मधली सुट्टी संपायची. यंत्र आलं आणि ती बेरीज यंत्राकडे गेली. मोकळ्या झालेल्या मिनिटांत बाकीच्यांनी झोप काढली किंवा मोबाइल काढला, याने कादंबरी काढली. मात्र यंत्राच्या तिकिटाची शाई काही दिवसांत उडते, खुणेला ते बिनकामाचं. त्यामुळे जुन्या गठ्ठ्यांतली उरलीसुरली पातळ तिकिटं तो अजून जपून पुस्तकांत घालतो.

वस्तीची गाडी हा प्रकार शहरातल्या वाचकाला थोडा सांगायला हवा. तालुक्याहून संध्याकाळी सुटणारी शेवटची गाडी आडगावात जाते, रात्री तिथेच मुक्काम करते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत येते. कॉलेजची पोरं, मासळीच्या पाट्या, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या हे सगळे या पहाटेच्या गाडीच्या भरवशावर असतात. ड्रायव्हर-कंडक्टरने झोपायचं ग्रामपंचायतीच्या खोलीत, देवळाच्या पडवीत, नाहीतर गाडीतच शेवटच्या लांब सीटवर. जेवण डब्यातलं, किंवा गावातल्या कुणी हाक मारली तर गरमगरम भाकरी आणि सुकटीचं कालवण. आठ-साडेआठला जेवण आटोपलं की झोपेपर्यंतचा वेळ आपला. रेंज नसलेलं गाव असेल तर फारच उत्तम.

थोडा थोडा वेळ मिळतो त्याने लघुकथा वाचाव्यात, जाड पुस्तकाच्या वाटेला जाऊ नये, असा सल्ला त्याला पूर्वी मिळाला होता. तो त्याने वर्षभर पाळूनही पाहिला. अनुभव नेमका उलटा आला. कथा एका बैठकीत वाचायची चीज आहे. तिची वीण घट्ट असते, मध्येच सोडली की परत धरता येत नाही, पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागते. मोठ्या कादंबरीचं तसं नाही. एकदा तिच्या घरात पाय टाकला की माणसं ओळखीची होतात, आठवड्याने परत गेलं तरी आजी ओसरीवरच बसलेली असते. मधल्या सहा दिवसांत ती माणसं वाचकाच्या डोक्यात वावरत राहतात, तिकीट फाडताना आठवतात. त्यामुळे जी.एं.ची ‘काजळमाया’ तो साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, फोन बंद करून वाचतो. एका सुट्टीला एकच कथा. आणि पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’ हे दोन खंडांचं धूड मात्र तो वस्तीच्या गाडीतूनच पुरं करतो, पावसाळ्यात, चवीचवीने.

पावसाळा आणि पेंडसे ही जोडी योगायोगाने जमली. श्री. ना. पेंडसे यांचं मूळ गाव मुर्डी, दापोली तालुक्यातलंच. १९५२च्या ‘गारंबीचा बापू’पासून त्यांच्या बहुतेक गाजलेल्या कादंबऱ्यांची माती याच टापूतली. १९८७ साली आलेल्या ‘तुंबाडचे खोत’मधली जगबुडी नदी तर खेडला एसटीचा रस्ताच अडवते. मुसळधार पावसात जगबुडीने पातळी ओलांडली की पुलावरची वाहतूक थांबवतात, गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. एका जुलैत हा कंडक्टर असाच खेडला अडकला होता. बाहेर जगबुडी, हातात जगबुडी, आणि मागच्या सीटवरून कुणीतरी विचारत होतं, “ओ मास्तर, गाडी आज सुटंल का उद्या?” खोत घराण्याची एक अख्खी पिढी तेवढ्या वेळात उरकली, असं तो सांगतो.

हल्ली हे पुस्तक हातात दिसलं की पुण्या-मुंबईहून आलेली तरुण मुलं डोकावतात. “काका, हा तो हॉररवाला ‘तुंबाड’ का?” २०१८चा तो हिंदी सिनेमा पुन्हा प्रदर्शित होऊन गाजला, तेव्हापासून तर फारच. सिनेमाचं नाव या कादंबरीवरून सुचलं, गोष्ट मात्र निराळी, हे तो समजावून सांगतो. एका मुलीने उतरताना खंडाचा फोटो काढून नेला. तिने पुढे वाचलं की नाही कोण जाणे, पण फोटोत प्रकाशकाचं नाव नीट यावं म्हणून याने पुस्तक सरळ धरलं होतं.

पेंडशांविषयी त्याची आपुलकी आणखी एका कारणाने आहे. पेंडसे मुंबईत ‘बेस्ट’मध्ये नोकरीला होते, त्या उपक्रमाचा इतिहासही त्यांनी लिहिला. म्हणजे बसखात्यातला माणूस. मधु मंगेश कर्णिकही उमेदीच्या काळात एसटीत होते. डेपोत कुणी चिडवलंच तर तो ही दोन नावं पुढे करतो. पेंडशांना ‘रथचक्र’साठी साहित्य अकादमी मिळाली तो निवाडा त्याला मान्य आहे, पण त्याच्या मनातली पहिली जागा तुंबाडचीच.

वाचण्यात तो एकटा नाही. म्हणजे वाचतो एकटा, पण वस्तीच्या गाडीचा ड्रायव्हर वाचल्याविना वाचक झालेला आहे. कोकणातल्या आगारांत घाटावरचे ड्रायव्हर पुष्कळ. हा बीडकडचा. पुस्तकाला हात लावत नाही, पण जेवण झालं की बिडी पेटवून म्हणतो, “मंग, फुडं काय झालं?” कंडक्टर मग दोन दिवसांत वाचलेलं सांगतो. सांगताना गाळायचं काय, ठेवायचं काय याची जी निवड होते तीत कादंबरीचं बरंच काही कळतं. निसर्गवर्णनं पहिल्या फटक्यात गळतात. लेखकाचं तत्त्वज्ञान दुसऱ्या. उरतात ती माणसं आणि त्यांच्यातली तेढ. ‘ययाति’ सांगून झाल्यावर ड्रायव्हर बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, “पोराचं तरणंपण घेनारा बाप आमच्या गावात हाय.”

नेमाडे यांच्या ‘कोसला’वर ड्रायव्हरने दिलेला निकाल आगारात अजून सांगितला जातो. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर बापाचे पैसे कसे उडवतो, मेस कशी चालवायला घेतो, परीक्षांचं काय होतं, हे ऐकताना ड्रायव्हर अस्वस्थ होत गेला. त्याचा स्वतःचा मुलगा तेव्हा पुण्यात शिकत होता. तिसऱ्या रात्री त्याने बाहेर जाऊन फोन लावला आणि मुलाला वसतिगृहाच्या खर्चाचा तपशील विचारला. १९६३ साली आलेल्या कादंबरीने साठ वर्षांनी एका पोराची झोप उडवली.

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’च्या वेळी मात्र उलट झालं. कोरडवाहू शेती, शिकून घरी बसलेला मुलगा, घरातली धुसफूस. दुसऱ्याच रात्री ड्रायव्हर म्हणाला, “हे ऱ्हाऊ द्या मास्तर. दुसरं काढा.” पुढे काही बोलला नाही. कंडक्टरने ते पुस्तक एकट्यानेच संपवलं आणि ड्रायव्हरला त्या आठवड्यात शिरवळकरांची ‘दुनियादारी’ सांगितली.

जून-जुलैत पुस्तकांचं खरं भांडण ओलाव्याशी असतं. पुस्तक दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्याच्या पिशवीपासून लांब. घरच्या फळीवर कडुलिंबाचा पाला आणि कापूर. तरी दमट हवेने पानं फुगतात, कव्हराला पांढरी बुरशी धरते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आलं तेव्हा असल्या खबरदारीचा काही उपयोग झाला नाही. किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्याच्या माजघराची कौलं गेली आणि फळीवरची निम्मीअधिक पुस्तकं भिजली. पाऊस उघडला तेव्हा अंगणात त्यांची वाळवण घातली होती. आलेगेलेले आधी घराच्या छपराची चौकशी करत, मग त्या पानांकडे बघून काय बोलावं ते न सुचून निघून जात. चिकटलेली पानं सोडवताना ‘चानी’ हातात तुकडे होऊन आली. खानोलकरांची ती छोटी कादंबरी त्याने पुढे पुन्हा विकत घेतली.

त्याच वर्षी आधी टाळेबंदीत एसटीने परप्रांतीय मजुरांना राज्याच्या हद्दीपर्यंत सोडलं आणि नंतर एसटीच्या गाड्या मुंबईत ‘बेस्ट’च्या मदतीला गेल्या. जिल्ह्याजिल्ह्यांतून ड्रायव्हर-कंडक्टर मुंबईला पाठवले जात होते, त्यांत हाही गेला. तोंडावर मास्क, गाडीत निम्मे प्रवासी, राहायला एक लॉज. त्या मुक्कामात त्याने कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ वाचली. १९६९ सालची कादंबरी, खाडीकाठच्या झोपडपट्टीची. कामावर येता-जाता तीच खाडी दिसायची. पुस्तकातल्या जागा जाऊन पाहायची हौस त्याला एरवी नाही. लेखकाने दाखवलं त्याहून जास्त काही तिथे दिसत नाही, असं त्याचं मत. पण माहीमला ते नाइलाजाने दिसत राहिलं, आणि खाडीचा वास तर पुस्तकातल्यापेक्षा बराच उग्र होता.

चिपळूणचं नाव पावसाळ्यात निघालं की तो थोडा थांबतो. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. चिपळूणच्या फेरीला मधे मोठी सुट्टी असली की तो तिथे जाऊन बसायचा. २००५च्या पुरात त्या वाचनालयाची हानी झाली होती, २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी पुन्हा आत घुसलं. त्याच दिवशी चिपळूणचं बसस्थानक बुडालं आणि आगाराचे व्यवस्थापक काही कर्मचाऱ्यांसह रोकड सांभाळत तासन्‌तास एसटीच्या टपावर बसून राहिले. ही हकिकत तेव्हा वर्तमानपत्रांतून सगळीकडे आली. खात्यातली माणसं ती अभिमानाने सांगतात, हाही सांगतो. पण त्याच्या सांगण्यात टपावरची रोकड आधी येते आणि लगेच मागून चिखलाने माखलेल्या पुस्तकांचे ढीग येतात.

आषाढीला जादा गाड्या पंढरपूरला जातात. कुंभार्ली घाट चढून कराड, विटा मागे टाकलं की हवा कोरडी होते, हिरवा रंग विरळ होत जातो, आटपाडीच्या बाजूला माणदेश सुरू होतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ त्याने पहिल्यांदा या वाटेवरच वाचली. धनगरवाडीतल्या शाळेवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर आणि सरतेशेवटी दुष्काळ. चार महिने पावसात राहणाऱ्या कोकणी माणसाला त्यातला दुष्काळ कळायला तो रस्ता लागला, असं त्याचं म्हणणं. पंढरपूरच्या यात्रा स्थानकावर वाचन वगैरे जमत नाही. तिथे फक्त गाडी भरायची, आणि रिकामी करून पुन्हा भरायची.

गणपतीत तर पुस्तकाचं नावच काढायचं नाही. मुंबई, ठाणे, पालघरहून हजारो जादा गाड्या कोकणात उतरतात. चाकरमान्यांची गठुडी, मखरांचे थर्माकोल, पिशव्यांतून डोकावणारे टाळ, दर तासाला एका तरी पोराची उलटी. घरच्या गणपतीच्या आरतीला तो क्वचितच असतो. गाडी कुठे बंद पडली की मात्र साहित्य आपोआप अवतरतं: कुणीतरी हमखास पु. ल. देशपांड्यांच्या ‘म्हैस’ची आठवण काढतो. कोकणात एसटीखाली म्हैस आल्याची ती गोष्ट इतकी तोंडपाठ आहे की प्रवासी त्यातली पात्रं आपापसांत वाटून घेतात. कंडक्टरच्या वाट्याला कंडक्टरच येतो. निवड करायची मुभा नसते.

नवरात्र सरलं की दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा हंगाम ठरून गेला. दिवाळीच्या दिवसांत एसटीला गर्दीच गर्दी, त्यामुळे याची दिवाळी वाचनालयाच्या अंक योजनेतून सुरू होते ती तुळशीच्या लग्नानंतर आणि रेंगाळते माघापर्यंत. अंकांची वाटणी घरात ठरलेली आहे. ‘मौज’, ‘अक्षर’ आधी बायकोकडे, ‘धनंजय’मधल्या रहस्यकथा त्याच्याकडे, ‘आवाज’ विश्रांती कक्षात, कारण त्याच्या खिडक्या उघडून बघणाऱ्यांची तिथे रांग लागते.

जुन्या मंडळींना अजून आठवतं की पूर्वी स्थानकावरच्या स्टॉलला दोऱ्यांवर रहस्यकथा लटकत असायच्या. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, नंतर गुरुनाथ नाईक. दोघांनीही लिहिलेल्या पुस्तकांचा आकडा हजारापलीकडचा. मुंबईला निघालेला माणूस पनवेलपर्यंत एक संपवायचा आणि परतीच्या प्रवासात दुसरी घ्यायचा. या कंडक्टरच्या वडिलांनी तेवढंच वाचलं आणि ते मुलाच्या हाती लागलं. पहिली गोडी त्यातूनच लागली. समीक्षकांनी त्या पुस्तकांना दारात उभं केलं नाही, हे त्याला आता ठाऊक आहे, पण त्याचा त्यावर फारसा राग नाही. स्टॉल गेले याचं त्याला वाईट वाटतं. आता तिथे पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं.

तो काय वाचणार हे बरंचसं बायको ठरवते, हे सांगायला हवं. वाचनालय संध्याकाळी उघडतं तेव्हा हा ड्युटीवर असतो, म्हणून पुस्तक बदलायला ती जाते. तिने एकदा गौरी देशपांडे आणल्या. त्याने कुरकुर केली, मग वाचली, मग आणखी मागितली. सानिया, मेघना पेठे हीदेखील तिचीच निवड. त्याच्या एकट्याच्या हातात असतं तर तो खोत आणि खून यांच्यापलीकडे गेला नसता, असं ती म्हणते आणि तो नाकारत नाही. तिची एक सवय त्याला सोसवत नाही: ती आधी शेवटचं प्रकरण वाचते. कोण जगतंय ते कळलं की मग सावकाश वाचता येतं, हा तिचा युक्तिवाद. त्यावर त्याला अजून उत्तर सापडलेलं नाही.

हिवाळ्यात पहाटेच्या गाडीला एक निवृत्त गुरुजी असतात. पंचाहत्तरी ओलांडलेली, त्यामुळे २०२२च्या ऑगस्टपासून तिकीट माफ. तरी शून्य रुपयांचं तिकीट मागून घेतात, घडी घालून खिशात ठेवतात. खांडेकरांवर त्यांची निष्ठा अढळ. मराठीला पहिलं ज्ञानपीठ १९७४ साली ‘ययाति’ने आणलं, हे ते अशा थाटात सांगतात की जणू त्या समारंभाला त्यांनीच बस सोडली होती. कंडक्टरला खांडेकरांची भाषा जड दागिन्यांनी मढल्यासारखी वाटते. वाद आंजर्ल्यापासून दापोलीपर्यंत चालतो. महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून, म्हणजे २०२३च्या मार्चनंतर, गाडीत बायकांची संख्या वाढली आणि या वादाला श्रोतेही. बचत गटाच्या कामाला निघालेल्या एकीने मध्येच ठणकावलं की खांडेकरांच्या बायका फार रडतात. गुरुजी त्या दिवशी एक थांबा आधीच उतरले.

पालगडवरून जाणाऱ्या गाडीवर मात्र त्या दोघांचं एकमत असतं. साने गुरुजी तिथले, जन्म २४ डिसेंबर १८९९चा, शिक्षणासाठी काही वर्षं दापोलीत. नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ ही कादंबरी म्हणायची का आठवणी, यावर वाद घालायला दोघेही तयार नाहीत. शाळकरी पोरं खिडकीशी बसून त्या गावाची पाटी मोठ्याने वाचतात, तेवढ्या वेळ कंडक्टर त्यांना ‘आत सरका’ म्हणून ओरडत नाही.

२०२१च्या हिवाळ्यातली गोष्ट वेगळी. ऑक्टोबरअखेर संप सुरू झाला तो दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. ड्युटी नाही, पगार नाही, वेळ मात्र हवा तेवढा. आता तो सगळं राहिलेलं वाचून काढेल असं घरच्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात त्या महिन्यांत त्याच्याच्याने एकही कादंबरी तडीस गेली नाही. पाच-दहा पानं झाली की मन किराणा दुकानाच्या वहीकडे जायचं. फेब्रुवारीपासून तो आंब्याच्या पेट्या भरायच्या कामाला जाऊ लागला, रोजंदारी हातात येऊ लागली, आणि मग दुपारच्या सुट्टीत कलमाखाली बसून परत दोन-दोन प्रकरणं होऊ लागली. वाचायला निवांतपणा लागतो असं लिहिणाऱ्यांनी हा हिशोब एकदा तपासून पाहावा. त्याला निवांतपणा नको होता, ड्युटी हवी होती, आणि ड्युटीच्या फटीत सापडणारा वेळ.

शिमग्यात पुन्हा जादा गाड्या, पालख्या, ढोल. एप्रिल-मे म्हणजे लग्नं, आंबे, सुट्टीला आलेली पोरं, उभ्याने भरलेल्या गाड्या. घामाने पुस्तकाचं कव्हर हाताला चिकटतं. या दोन महिन्यांत तो नवीन काही उघडत नाही. डोकं शिणलेलं असताना नव्या माणसांची ओळख करून घेणं जमत नाही, म्हणून जुनीच परत. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ दर उन्हाळ्यात एकदा होते. फळीवरची पुस्तकं मेच्या अखेरीस अंगणात उन्हाला ठेवायची, उदबत्तीच्या पुड्यांचे रिकामे कागद पानांत सरकवायचे, हे काम मुलगी करते. ती मोबाइलवर गोष्टी ऐकते. त्यालाही तिने एकदा इअरफोन लावून दिले होते. आवाज चांगला होता, पण मध्येच थांबून मागचं पान चाळता येईना, आणि कानात काही घातलं की डबल बेल द्यायच्या वेळी चुकल्यासारखं वाटे. ड्युटीवर तर तो प्रश्नच नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर बायकोने कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ आणली. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला आहे. पुस्तक बारीक, म्हणून दोन वस्तींत होईल असा त्याचा अंदाज होता, पण भाषा सावकाश जायला लावणारी निघाली. धरणामुळे उठलेलं गाव, दूर नेऊन बसवलेली माणसं, आणि मागे राहून रानात रानटी झालेली म्हैस, जिला परत आणायला एक जण निघतो. पहिल्या रात्री त्याने एवढं सांगितलं. देवळाच्या पडवीत बिडीचं टोक दोनदा लाल झालं. ड्रायव्हरने विचार करून विचारलं, “आपल्या गाडीखाली तर येत नाही ना ती?”